उजव्या कानातला कापूस

रोज सकाळी खालच्या दुकानाचं शटर वर गेल्याचा आवाज आला की अनुराधा उजव्या कानात कापसाचा बोळा घालायची, गिटार मांडीवर घ्यायची आणि तिच्या काठाला समोरचे दात टेकवायची. मग सगळ्यात जाड तार छेडायची. तो सूर कानातून येत नसे. दातांतून जबड्यात, जबड्यातून कवटीत चढायचा. ती डोळे मिटून बसायची आणि एकेक तार करत बारीक तारेपर्यंत यायची. बारीक तारेचं जवळजवळ काहीच पोचायचं नाही. ती पुन्हा छेडायची.

गल्लीत याची थट्टा व्हायची. "वसंताची बायको गिटार खाऊन राहिली पाय," असं समोरची बाई गॅलरीतून म्हणायची. सासू लीलाबाईही हसायच्या. "पोळी वाढली तं अर्धी ठेवते, अन् लाकूड चावते."

अनुराधाचा डावा कान आधीच गेला होता. उजवा शाबूत होता. तो गेल्यावर कसं वाजवायचं, याचा ती सराव करत होती.

ती मूळची सावरगावची. पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये जाम नदी, एवढंच तिचं माहेर लांब होतं. मोठा भाऊ पंकज ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. लग्नसराईत सौंसरपासून वरूडपर्यंत त्याचे कार्यक्रम असत. त्यानं बहिणीला शिकवलं ते फक्त कानानं. तिला भिंतीकडे तोंड करून बसवायचा, मागे बसून एक ओळ वाजवायचा आणि म्हणायचा, "आता तू." ती चुकली तर तो काही सांगायचा नाही. तीच ओळ पुन्हा वाजवायचा. बोटं पाहायची तिला परवानगीच नव्हती. "पाहून वाजवशीन तं माकड होशीन. ऐकून वाजव."

त्या भिंतीकडे बघत ती इतकं ऐकायला शिकली की कानावर पडलेलं काहीही तिची बोटं न विचारता उचलायची. लग्नात तिची गिटार रुखवतात मांडली होती, शेवयांच्या परड्या आणि लोकरीच्या तोरणांच्या मध्ये. पांढुर्ण्याच्या वऱ्हाडी बायका तिच्याभोवती घोळका करून उभ्या राहिल्या. एकीनं विचारलं, "हे नवरीसाठी का नवऱ्याले बडवासाठी?" सगळ्या हसल्या. वसंतही हसला.

वसंताचं बियाण्यांचं आणि औषधांचं दुकान होतं. गिऱ्हाइकाशी त्याचा आवाज कधी चढला नाही. बोंडअळीला कोणतं औषध, संत्र्याच्या गळतीला कोणतं, हे तो शांतपणे दोनदा समजावून सांगायचा. गोटमारीत मात्र तो नावाजलेला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्याच्यावर झेंडा असतो. झाड तोडून झेंडा न्यायला पांढुर्णा धावतो, सावरगाव त्याला अडवतं, आणि दोन्ही काठांवरून दिवसभर दगड चालतात. वसंताच्या कपाळावर, हनुवटीवर, पोटरीवर त्या दिवसाच्या खुणा होत्या, आणि तो त्या लहान मुलांना मोजून दाखवायचा. घरातल्या मारहाणीच्या खुणा अनुराधाच्या अंगावर होत्या. त्या कोणी दाखवत नव्हतं.

एका वर्षी झेंडा सावरगावकडेच राहिला. संध्याकाळी वारा नदीवरून गावाकडे होता. पलीकडे डीजे लागला होता आणि एकच गाणं पुन्हा पुन्हा वाजत होतं. अनुराधा वरच्या खोलीत गिटार घेऊन बसली होती. काही ठरवून वाजवत नव्हती. वसंत जिना चढून आला. भुवई फाटली होती, तिच्यावर देवीचा अंगारा चोपडलेला, सदरा ओला.

"काय वाजवून राहिली?"

तिला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. पलीकडचंच गाणं तिच्या बोटांनी उचललं होतं.

"काही नाही. असंच."

"असंच?" तो म्हणाला. "तिकडे नाचून राहिले ते त्याच्यावर."

त्यानं उघड्या पंजानं मारलं, डाव्या कानावर. तिनं नंतर सांगितलं, की दुखणं मागून आलं. आधी एक शिट्टी आली, लांबच्या स्वयंपाकघरातल्या कुकरसारखी. डोक्यावरचा पंखा प्रत्येक फेऱ्याला टक् करायचा. ती टक् एका बाजूनं बंद झाली. मग मानेवर काहीतरी कोमट उतरलं. तिनं हात लावला तेव्हा ते रक्त होतं.

लीलाबाई धावत वर आल्या. त्यांनी सुनेचं डोकं मांडीवर घेतलं, पदरानं मान पुसली, मुलाला शिव्या घातल्या. मग देवघरातून अंगारा आणला. गोटमारीत फुटलेलं प्रत्येक डोकं, सोललेला प्रत्येक गुडघा त्या घरात याच अंगाऱ्यानं बरा झाला होता. त्यांच्या सासऱ्यांचा, नवऱ्याचा, मुलाचा. त्यांनी तो खोबरेल तेलात कालवला आणि चमच्यानं सुनेच्या कानात सोडला.

"देवीचं हाय, अनू. उद्यालोक सुकते पाय."

सुकलं नाही. पू धरला. नागपूरच्या डॉक्टरांकडे नेईपर्यंत दिवाळी आली होती. त्यांनी दिव्यानं आत पाहिलं आणि विचारलं, "पडदा फाटला होता, तो आपोआप भरून आला असता. पण आत काय घातलं?" वसंत खाली पाहत होता. लीलाबाई म्हणाल्या, "देवाचं हाय ते." डॉक्टरांनी पुढे विचारलं नाही. डावा कान गेला तो गेलाच, आणि वाहायचा काही थांबला नाही.

येताना वसंतानं बाजारातून गिटारीच्या तारांचा नवा संच घेतला. गाडीत तिच्या मांडीवर ठेवला. "पाय, आणल्या." तिनं त्या घरी येऊन बसवल्या. भावाला कळवलं ते एवढंच, की कानात गळू झालं होतं.

हिवाळ्यात एकदा जेवताना वसंत तिच्या डाव्या हाताला बसला होता. त्यानं भाजी मागितली, तिला ऐकू आलं नाही. पुन्हा मागितली. मग पुढे वाकून तिच्या चेहऱ्यासमोर म्हणाला, "एक हाय ना अजून? का तो बी बंद करू?" चेष्टेत म्हणाला. लीलाबाईंनी हसून पोळी पुढे केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनुराधानं वाती वळायच्या कापसातला थोडा कापूस वेगळा काढला आणि उजव्या कानात घातला.

पण कान बंद करून बसल्यावर तिला कळलं, की आपल्याला काहीच येत नाही. प्रत्येक बोट आधीचा सूर ऐकूनच पुढे सरकत होतं. ऐकणं थांबलं की हात गिटारीच्या मानेवरच थांबत होते.

त्याच सुमारास उर्वशी तिच्याकडे यायला लागली. गल्लीच्या टोकाला राहणारी, कॉलेजात शिकणारी मुलगी. तिच्या मोबाईलमध्ये गिटारीवरच्या गाण्यांचे टॅब होते, सहा रेघा आणि त्यांच्यावर आकडे. अनुराधानं पहिल्यांदा पाहिलं आणि मान मागे घेतली.

"हे तं मटक्याचे आकडे दिसून राहिले वं."

"नाही हो काकू. सहा रेघा म्हणजे सहा तारा. आकडा म्हणजे कितव्या खान्यात बोट ठेवायचं."

अनुराधानं वाजवून पाहिलं. भलतंच काही निघालं. उर्वशीनं तोंडावर हात ठेवला, पण हसू बाहेर आलंच. "उलटं वाजवलं काकू. वरची रेघ म्हणजे खालची तार."

"मंग लिवणाऱ्यानं कायले उलटं लिवलं?"

"गिटार मांडीवर आडवी ठेवून पाहा. जाड तार पोटाजवळ येते का? अन् बारीक गुडघ्याकडे? तसंच लिहिलं हाय."

अनुराधानं गिटार आडवी केली, वाकून पाहिलं, एकेक तार बोटानं मोजली. मग विचारलं, "ऑर्केस्ट्रातल्या ऑर्गनवाल्यायचं दुसरं असते ना? पाच रेघांचं?"

उर्वशीनं तेही काढून दाखवलं. काळे ठिपके, त्यांना दांड्या, दांड्यांना शेपट्या.

"तारेवर पाखरं बसल्यावाणी."

"खरं शिकायचं तं हेच शिकावं म्हणतात. कोणता सूर, किती वेळ धरायचा, सगळं सांगते. पण तो सूर गिटारीवर दोन-तीन जागी सापडतो. कुठं दाबायचा ते आपण ठरवायचं."

"अन् बरोबर आला का नाही, ते कोण सांगते?"

"कान."

"मंग नको," अनुराधा म्हणाली. "मले ते शिकव ज्याले कान लागत नाही."

उर्वशी हसायला लागली, आणि काकूंच्या चेहऱ्याकडे पाहून थांबली. त्या दिवशी तिला डाव्या कानाची खरी गोष्ट कळली. बाहेरच्या कोणाला तरी ती पहिल्यांदाच कळली होती.

टॅबमध्ये एक खोट होती. बोट कुठे ठेवायचं ते कळायचं, किती वेळ ठेवायचं ते नाही. उर्वशी म्हणाली, ते गाणं ऐकून समजतं. अनुराधानं त्यावर आपला उपाय काढला. आकड्यांखाली ती वाती काढायची. थोडाच वेळ धरायचा सूर असेल तर आखूड वात, लांबवायचा असेल तर लांब. रोज हातानं वळलेलीच ती लांबी, तिला मोजावी लागत नव्हती. दुकानात औषध कंपन्यांची मोठी गुळगुळीत पोस्टरं येत, ती जुनी झाली की वर यायची. पुढच्या बाजूला गुलाबी बोंडअळी आणि फवारणीच्या वेळा. पाठीवर अनुराधा सहा रेघा मारायची आणि तिला येत असलेलं एकेक गाणं उजव्या कानानं ऐकून उतरवायची. कान होता तोवर सगळं कागदावर यायला हवं होतं.

वसंतानं ती पोस्टरं पाहिली होती. "आकडेमोड चालू हाय का बाईची," एवढंच म्हणाला.

राखीला पंकज आला. पाटावर बसण्याआधी त्याची नजर खाटेवर पसरलेल्या पोस्टरावर गेली. त्यानं ते उचललं, उलटंसुलटं केलं.

"हे काय व अने?"

"गाणे लिवून राहिली, दादा."

"कान असतांनी कागद कायले लागते? मी तुले असं शिकवलं होतं काय?"

तिनं राखी बांधली, गाठ पक्की केली, आणि वर न पाहता सगळं सांगितलं. गळू नव्हतं. पंजा होता. आणि उरलेल्या कानाचं जेवताना काय बोलणं झालं तेही. पंकजनं ताटातला पेढा उचलला नाही. खालून वसंताचा आवाज येत होता, तो कुणाला तरी पंपाचं नोझल समजावून सांगत होता.

"येऊ दे गोटमार," पंकज म्हणाला. "त्या दिवशी कोणाचा गोटा कोणाले लागला, कोण पाहते."

"दादा, रक्त त्याचं निघंन. पण ते माया अंगावर निघंन मागून. नको मारू."

"तू वाजव. मी पायतो."

गोटमारीच्या दिवशी ती गच्चीवर उभी राहिली. नदी दिसत नव्हती, छपरांच्या वर धूळ दिसत होती, आणि मधूनच माणसांचा एकच मोठा आवाज उठायचा. ऊन कलायच्या आधीच वसंताला मोटरसायकलवर दोघांमध्ये धरून आणलं. उजव्या कानाच्या वर डोकं फुटलं होतं आणि कानातूनही रक्त येत होतं. त्याला ओट्यावर बसवलं. त्याची मान टिकत नव्हती. लीलाबाई वाटी घेऊन आल्या. अंगारा आधीच कालवलेला होता, त्या दिवशी त्या घरात तो तयारच असायचा.

अनुराधानं त्यांचं मनगट धरलं.

"कानात नाही."

"सोड, अनू. रक्त पाय किती चाललं."

"डोक्याले लावा, कपाळाले लावा. कानात नाही म्हणलं ना, आई."

लीलाबाईंनी हात सोडवायला झटका दिला. अनुराधानं सोडला नाही. वाटी खाली पडली आणि तेल ओट्यावर पसरलं.  या बाईचा आवाज जमलेल्या माणसांनी कधी ऐकलाच नव्हता. तिनं लुगड्याचा तुकडा फाडून नवऱ्याच्या डोक्याला घट्ट बांधला, आणणाऱ्यांतल्या एकाला मोटरसायकल चालवायला बसवलं, स्वतः नवऱ्याच्या मागे बसली, त्याचं डोकं आपल्या खांद्याला दाबून धरलं आणि दवाखान्यात नेलं. टाके पडले. कान वाचला. डॉक्टर वसंताला म्हणाले, बाईनं वेळेवर आणलं, अन् आत काही घालू दिलं नाही, म्हणून.

टाके निघाले त्या दुपारी तो दुकान नोकरावर सोडून वर आला. ती खिडकीशी बसली होती, उजव्या कानात कापूस, दात गिटारीवर. तो समोर येऊन उभा राहिला तेव्हा तिनं कापूस काढला.

"गोटा कोणाचा होता?"

"मी गच्चीवर होती."

"तुया भावाचा होता. लोकायनं पायलं."

"मंग त्याले विचारा."

"वाचवलं म्हणून भाव खाऊन राहिली काय?"

तिनं कापूस पुन्हा कानात घालायला हात उचलला. तो हात मध्येच राहिला. त्याचा पंजा उजव्या कानावर बसला आणि तिचं डोकं दाराच्या चौकटीवर आदळलं. ती पडली. तो थांबला नाही. लाथ पाठीत बसली, मग दुसरी. मग त्यानं गिटार मानेला धरून उचलली आणि जमिनीवर हाणली. खोका कुशीत फुटला. तारा सगळ्या एकदम वाजल्या असतील. अनुराधाला त्या फरशीतून गालाला जाणवल्या.

लीलाबाई वाटी घेऊन जिन्यापर्यंत आल्या. दारात उभ्या राहिल्या. आत आल्या नाहीत.

उजव्या कानाचा पडदा फाटला होता आणि चौकटीच्या मारानं आतलंही बरंचसं गेलं होतं. हाडातून थोडं पोचेल, असं डॉक्टरांनी कागदावर लिहून दाखवलं. पोलिसांत पंकज गेला. चौकीत वसंताची बरीच गिऱ्हाइकं होती, आणि गोटा कोणी मारला हा प्रश्न तिथं आधी निघाला. तक्रार पुढे गेली नाही.

पंकज रिक्षा घेऊन तिला न्यायला आला. "घरी चाल," तो म्हणाला. तिनं त्याच्या ओठांवरून वाचलं.

"तिकडे नाही, दादा. गोटा तिकडूनच आला."

तो रस्त्यात उभा राहून रडला. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, पण रिक्षा सौंसरची बस धरायला बसस्टँडकडे वळवायला सांगितली. मांडीवर चादरीत गुंडाळलेली गिटार आणि पोस्टरांची गुंडाळी होती.

सौंसरला उर्वशीच्या आजोळची एक खोली रिकामी होती. संत्र्याच्या पेट्या ठोकणाऱ्या सुतारानं गिटारीची कूस पेटीच्याच फळीनं जोडून दिली. पहिल्या सकाळी अनुराधानं भिंतीला पोस्टर टाचलं. कापूस लागणार नव्हता. तिनं काठाला दात लावले आणि जाड तार छेडली. आली. दुसरी आली. मधल्या धूसर आल्या, बारीक आलीच नाही. तिनं आकड्यांकडे पाहिलं, खालच्या वातींकडे पाहिलं आणि गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवलं. मग उर्वशीकडे वळली.

"बरोबर आलं काय?"

उर्वशी ओढणीनं डोळे पुसत होती.

"रडू नको. मान हालव. मले मानच दिसते आता."

उर्वशीनं मान हलवली. हो.

त्यानंतर काही वर्षं ती त्या खोलीत राहिली. दुपारनंतर शाळकरी पोरं यायची. बहिरी बाई गिटार शिकवते यावर लोक आधी हसले, मग त्यातलेच काही पोरांना घेऊन आले. ती आकड्यांवरून शिकवायची, पोराच्या गिटारीच्या पोटाला बोटं लावून बसायची, आणि जमेल तेवढं पकडायची. पुष्कळसं निसटायचं. तिचे शिष्य बारीक तारेवर ढिसाळच वाजवायचे. पण आकडे पाठ झालेल्या पोराला ती भिंतीकडे तोंड करून बसवायची, आणि मोठ्या पोराला मागून वाजवायला सांगायची. "तुमाले कान हाये," ती म्हणायची. "वापरा."

एका शनिवारी जामसांवलीच्या मारुतीचं दर्शन घेऊन परतताना वसंत आला. हातात प्रसादाची पिशवी होती. दारात उभा राहून काही बोलला. ती पोराच्या बोटांकडे पाहत होती, तिनं वर पाहिलं नाही. तो पुन्हा बोलला. मग त्यानं दारावर पंजा आपटला, दोनदा, जोरात. पोरगं दचकलं. हादरा फरशीतून तिच्यापर्यंत आला.

"पायानं ठेका नको देऊ," ती पोराला म्हणाली. "आकडे पाय."

तो पिशवी उंबऱ्यावर ठेवून गेला.

डावा कान वाहतच होता. तिला त्याची सवय झाली होती. एका उन्हाळ्यात डोकं धरलं, ताप आला, मान वळेना. नागपूरला नेलं. पू कानातून मेंदूपर्यंत गेला होता. दवाखान्यानं दिलेल्या कागदावर आजाराचं नाव होतं. पंजा त्यात नव्हता, वाटीतला अंगाराही नव्हता. पंकजनं तो कागद उभ्यानंच वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला. तेराव्यानंतर त्यानं भिंतीवरची पोस्टरं उतरवली, घरी नेली, आणि कानानं शिकलेला तो माणूस चाळिशीत सहा रेघा वाचायला बसला. पहिलं गाणं त्यानं उलटं वाजवलं. उर्वशीनंच त्याला सांगितलं.

नागपूरला नेलं त्या सकाळी उर्वशी गाडी आणायला निघत होती. अनुराधा चटईवर पडून होती, डोक्याला ओला पंचा, डोळे अर्धे मिटलेले. एका पोराची गिटार कोपऱ्यात राहिली होती. तिनं हात लांब करून ती ओढली, काठ दातांना लावला, अंगठा एकदा तारांवरून फिरवला आणि ती उर्वशीकडे सरकवली.

"तिसरी उतरली हाय," ती म्हणाली. "चढवून ठेवजो. पोरं येतीन दुपारी."